हजेरीत माझं नाव आलं तेव्हा

काल मुलीच्या शाळेत पालकसभेला गेले. बाईंनी फळा पुसला, खडूची भुकटी नाकात गेली आणि मला माझा जुना वर्ग आठवला.

बारा वर्षांपूर्वीचा तो रविवार. शेलूबाजारात आमचं बांगड्यांचं दुकान. अडतिसाव्या वर्षी मी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं आणि मंगरूळपीरच्या केंद्रात पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसले. शाळा सुटून वीस वर्षं झालेली. बुरख्याच्या आत पाठीवरून घाम ओघळत होता. सरांनी हजेरी सुरू केली. आता सगळे वळून बघतील, म्हणून मी मान खाली घातली.

"शबाना शेख!"

ओठ हलले, आवाज फुटेना. सरांनी पुन्हा पुकारलं आणि गैरहजेरी मांडायला पेन टेकवलं.

शेजारी आसेगावच्या एक शेतकरीण बाई बसल्या होत्या, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या; बसताना त्यांनी माझं नाव विचारलं होतं. त्यांनी माझा हात धरून वर केला. "हाय ना सर, इथंच हाय! भेवून राह्यली बिचारी."

वर्ग हसला. मला रडू आलं.

"कायले बोलल्या तुमी?" मी कुजबुजले.

"माह्यं नाव अजून यायचं हाय," त्या म्हणाल्या. "हात सोडू नको बाई."

मी रागाने हात सोडवून घेतला. त्यांचं नाव आलं, त्यांनी कसंबसं 'हजर' म्हटलं.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. नंतरही कधी आल्या नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, त्या वर्गात भीती फक्त मलाच वाटत होती.