सनबेडवरची आठ मिनिटं

दुबईतल्या एका लेडीज सलूनमध्ये मी सहा वर्षं सनबेड सांभाळला. नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. सनबेड म्हणजे काचेचा पलंग, वर तसंच काचेचं झाकण, आणि खालून-वरून निळ्या ट्यूबलाइटींच्या रांगा. आत झोपायचं, झाकण ओढून घ्यायचं आणि उन्हात रापल्यासारखं अंग तांबूस करून घ्यायचं. बाहेर डोकं फुटेल असं ऊन, तेही फुकट, आणि या गोऱ्या मॅडम पैसे मोजून पेटीत रापायला यायच्या. पहिल्या आठवड्यात मला हसू आवरायचं नाही. आमच्याकडे मुलगी जरा सावळी निघाली की जन्मभर तिला डाळीचं पीठ नि साय चोपडतात, आणि इथे अपॉइंटमेंट घेऊन काळं व्हायचं! काय एकेकीचे सोस.

पण मालकीण लेबनानी, भारी कडक बाई. तिने पहिल्याच दिवशी मला समोर बसवून बजावलं की हे खेळणं नाही, यात माणूस भाजतं. मग सगळं पाठ करून घेतलं. नवीन बाई आली की आधी फॉर्म. फॉर्मवर दहा प्रश्न. उन्हात तुम्ही रापता की नुसत्या लाल होता? गोळ्या चालू आहेत का? अंगाला काही लावलंय का, क्रीम, सेंट, काहीही? नुसती लाल होणारी असेल तिला सरळ परत पाठवायचं. बाकीच्यांना पहिल्या खेपेला चार मिनिटं, वर एक सेकंद नाही. डोळ्यांवर ते छोटे काळे चष्मे लावलेच पाहिजेत, नुसते डोळे मिटून चालत नाही. पुन्हा यायचं तर मध्ये दोन दिवस गेले पाहिजेत. आणि कुठे चुणचुणलं तर लाजायचं नाही, झाकण ढकलून बाहेर यायचं.

मशीनची किल्ली माझ्याकडे असायची. एक मॅडम सुट्टी संपवून दुसऱ्या दिवशी मायदेशी परतणार होती. हटूनच बसली, आजच्या आज वीस मिनिटं पाहिजेत म्हणून. मी म्हटलं, मॅडम, कातडी तुमची, पण किल्ली माझी. ती फणफणत गेली. जाताना मला पोलीस म्हणाली. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. घरी येऊन चारदा सांगितलं.

घर शेजारच्या अजमानला. दोन खोल्या, मी आणि आमचे हे. ते पोर्टवर शिपिंगच्या ऑफिसात. त्या वर्षी यांची धाकटी बहीण दोन महिन्यांच्या व्हिजिटवर आली. चोवीस वर्षांची, बोलायला कमी, कामाला वाघ. तिला मी बाय म्हणायचे, आमच्याकडे कोकणात म्हणतात तसं. बायच्या मानेवर रुपयाएवढा पांढरा डाग होता आणि उजव्या मनगटावर एक, त्याहून लहान. कोड. बाकी मुलगी नाकीडोळी नीटस, बारावी झालेली, पण त्या दोन डागांपायी तीन स्थळं दारातूनच परत गेली होती. म्हणून सासूबाईंनी तिला इकडे पाठवली. तिकडे कोणाला काही माहीत नाही, तुम्ही बघा, म्हणाल्या.

बघितलं. अबुधाबीजवळ मुसफ्फाला फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये फोरमन असलेला एक जण, आमच्या गावापासून दोन गावं सोडून त्याचं घर. तिशीचा, निर्व्यसनी, शांत माणूस. आई-वडील नव्हते, मोठी बहीण अल ऐनला हॉस्पिटलात नर्स. दोघं शुक्रवारी मुलगी बघायला येतो म्हणाले. फोन ठेवला आणि मी बायचे ब्लाउज काढून बघायला लागले. फुल बाहीचा ब्लाउज घातला तर मनगट झाकेल, पण मान? मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. पदर असा घे, केस तसे सोड, नको, बांध. बाय निमूटपणे वळत होती. हे म्हणाले, अगं बस की जरा घटकाभर. कशी बसणार? स्थळ हातचं गेलं तर पोरगी परत जायची, आणि यापुढे तिला कोण विचारणार?

आणि मग माझ्या डोक्यात ते शिरलं. हॉस्पिटलात कोडाला दिवे देतात, हे मी सलूनमध्येच कुणाकडून तरी ऐकलं होतं. दिवे तर आमच्याकडेही आहेत! मी स्वतः रोज बघत होते की चार दिवसांत बायका तांबूस होतात. मग डाग का नाही होणार? आज हसू येत नाही, रडू येतं. ज्या कातडीत रंगच नाही ती कशी रापणार? उलट आजूबाजूची रापली तर डाग आणखी उठून दिसणार. एवढं साधं डोक्यात येऊ नये? पण शुक्रवार तीन दिवसांवर आला होता.

मंगळवारी तिला सलूनच्या व्हॅनमधून सोबत नेलं. ड्रायव्हरला सांगितलं, नणंदेला दुबई दाखवते. व्हॅनमध्ये तिच्या अंगाला कसला तरी उग्र वास येत होता. मी वैतागले.

“डोक्याला एवढं तेल कशाला थापलंस गं?”

“वहिनी, ते डोक्याचं नाही, ते आईनं...”

“बरं बरं, पुरे. उतर, आली जागा. यल्ला, चल लवकर!”

दुपारी एक ते चार सलून बंद असायचं. मालकीण घरी जायची, किल्ल्या माझ्याकडे. तोवर बाय खालच्या दुकानांत फिरत होती, तिला वर बोलावून मी आतल्या खोलीत नेलं. चष्मे दिले. आपण उन्हातली माणसं, चार मिनिटांनी आपल्याला काय होतंय, असं म्हणून टायमर आठवर फिरवला. एकच प्रश्न विचारला, “वर येताना कोणी बघितलं नाही ना?” ती नाही म्हणाली. झाकण ओढलं आणि मी बाहेर आले.

ती आठ मिनिटं मला बसवेना. टॉवेलांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. लिफ्टचा आवाज आला की दाराला कान लावायचे. मालकीण काही विसरली म्हणून परत आली तर नोकरी खलास, व्हिसाही गेला. आतून बायचा आवाज, वहिनी, जरा गरम लागतंय. मी म्हटलं, लागणारच, दिवे आहेत ते. गप पडून राहा.

बाहेर आली तेव्हा काही नव्हतं. संध्याकाळीही नाही. बुधवारी मान जराशी गुलाबी दिसली. मी मनातल्या मनात खूश. धरतोय रंग! गुरुवारी सकाळी हाक आली, वहिनी, बघा ना. केस बाजूला करून बघितलं. मानेवर डाग होता तिथे नि त्याच्या भोवती पाण्याने टच्च भरलेले फोड, मनगटावरही तसेच. बाकी अंग नुसतं सावळं पडलेलं. त्या दोन जागाच का, मला कळेना. हे म्हणाले, डॉक्टरकडे ने आधी. मी म्हटलं, डॉक्टर विचारील कशाने झालं, मग काय सांगू? उद्याचा शुक्रवार होऊ दे. कोरफड लावली, ओलं फडकं ठेवलं, पंखा पुढ्यात आणून ठेवला. ती रडली नाही. मला मात्र रागच आला. कोणावर ते विचारू नका.

शुक्रवारी दुपारी ती दोघं आली. फोरमन अंग चोरून खुर्चीत बसलेला, चांगल्या चेहऱ्याचा माणूस. बहीण पन्नाशीला टेकलेली, बोलणं मोकळं, नजर मात्र सगळीकडे. बायला फुल बाहीचा ब्लाउज घालून, पदर गळ्याशी आवळून बाहेर आणली. शिऱ्याचा ट्रे पुढे करताना तिची बाही ओली दिसली. फोड फुटला होता. बहिणीने ट्रे बाजूला ठेवला, तिचा हात धरला नि बाही वर केली. मग उठून सरळ मानेवरचा पदरही सरकवला. परकं घर, पण तिला नर्सच्या सवयीने भान राहिलं नाही.

“काय लावलं होतंस गं इथे?”

“बावचीचं तेल.”

“कधीपासून?”

“चार महिने. आईनं बाटली दिलीय. डागांवर सकाळ-संध्याकाळ.”

“आणि लावून उन्हात बसलीस?”

बायने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “वहिनींच्या मशीनमध्ये झोपले होते.”

त्या बाईने कपाळाला हात लावला. बावची लावली की कातडीला असले दिवे सोसत नाहीत, ती म्हणाली. हॉस्पिटलात कोडाला तसंच औषध देऊन दिवे देतात, पण डॉक्टर समोर उभा राहून, अगदी मोजून-मापून. मग माझ्याकडे वळली. “तुम्ही त्या मशीनवर काम करता? मग अंगाला काय लावलंय ते विचारलं नाहीत तिला?”

व्हॅनमधला तो वास माझ्या नाकात परत आला. मी शिऱ्याचा ट्रे उचलून पुन्हा तिथेच ठेवला. आणि बाय म्हणाली, अगदी स्पष्ट आवाजात, “विचारलं होतं. मीच नाही म्हटलं. लपवलं मी.”

फोरमन जमिनीकडे बघत होता. थोड्या वेळाने मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले, पाठोपाठ त्याची बहीण आली. आम्ही दोघीच होतो. ती हळू आवाजात म्हणाली, “कोडाचं आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं हो. दोन गावं पलीकडचे आम्ही, असली गोष्ट लपते होय? भाऊ म्हणाला, मला त्याचं काही नाही. म्हणून तर सुट्टी टाकून आले मी अल ऐनहून. पण विचारल्यावर तोंडावर खोटं सांगणारी मुलगी... माझा सगळा दिवस असल्या पेशंटांत जातो. माझा जीव घाबरतो, बाई.”

नळ चालू होता. माझ्या हातात कप. मी एवढंच म्हणायला हवं होतं, ताई, तिने काही लपवलं नाही, मी विचारलंच नाही. बस. पण ही हॉस्पिटलातली बाई, हिने कुठे सलूनचं नाव विचारलं, मालकिणीपर्यंत गेलं तर? बाहेर हे बसलेत, त्यांना काय वाटेल? मला रोज दहा प्रश्न विचारायचा पगार मिळतो, असं कसं सांगू?

मी म्हटलं, “ताई, आणखी थोडा शिरा देऊ?”

ती नको म्हणाली. जाताना बजावून गेली, आजच्या आज हिला क्लिनिकमध्ये न्या. फोरमनने दारात बायकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, कळवतो. संध्याकाळी क्लिनिकमध्ये ड्रेसिंग केलं. परत येताना टॅक्सीत मी विचारलं, खोटं का बोललीस गं?

“तुमची नोकरी गेली असती ना,” ती म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस मी फोनच्या आसपासच घुटमळत होते. सलूनमधून आले की आधी विचारायचं, वाजला होता का? नाही. अल ऐनचा नंबर फोनशेजारी कागदावर लिहिलेला होता. किती वेळा रिसीव्हर उचलला आणि किती वेळा ठेवला. एकदा तर रिंग गेली, तिकडून त्याच्या बहिणीचा आवाज आला, हॅलो, हॅलो, आणि मी ठेवून दिला. लाज वाटते लिहायला. ठेवून दिला, मग ओटा पुसला, मग पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

सलूनमध्ये मात्र मी आणखी कडक झाले. अंगाला काही लावलंय का, हा प्रश्न एकेकीला दोन-दोनदा विचारायला लागले. तेल? देशी, घरगुती, काहीही? बायका कंटाळायच्या. मालकीण खूश, म्हणाली, तुझ्यासारखी मुलगी मला मिळायची नाही.

फोन आलाच नाही. व्हिसा संपायला दोन दिवस राहिले तेव्हा बायला विमानतळावर सोडायला गेलो. फोड वाळले होते, पण मानेवरचा पांढरा डाग आता कानाच्या खालपर्यंत गेला होता. भाजलं तिथेही रंग परत आला नाही. तिने पदर घेतला नव्हता, बाहीही कोपरापर्यंतच होती. म्हटलं, बाय, झाकून घे गं. म्हणाली, राहू दे वहिनी, उकडतं. हे ट्रॉली आणायला गेले. आम्ही दोघी बॅगांपाशी उभ्या. मी उगाच तिच्या बॅगेची चेन उघडत होते, लावत होते.

“वहिनी, त्या गोऱ्या बायकांना तुम्ही एवढे प्रश्न विचारता, त्यांना राग नाही येत?”

“येतो की. येतोच.”

ती माझ्या हातातून चेन सोडवून घेत म्हणाली, “मला नसता आला.”