गुणवंताच्या मुलीचे कोरे गोल

मध्य प्रदेशातल्या आमच्या रामाकोन्यात कपडा वेळेवर शिवून हवा असेल तर लोक सौंसर गाठतात आणि नीट हवा असेल तर गुणवंताकडे टाकतात. दोन्ही एकदम मिळत नाही, हे गावाने केव्हाच मान्य केलेले आहे. माझी पोलकी कित्येक वर्षे तोच शिवतो. कधीही वेळेवर मिळाली नाहीत आणि एकही बिघडले नाही.

मी गावच्या शाळेत शिकवत होते तेव्हा पाचवीपर्यंत तो माझ्याच हाताखाली होता. पुढे आठवीनंतर पांढुर्ण्याला भैय्याजी नावाच्या शिंप्याकडे काम शिकायला राहिला. तिथे असताना त्याने एका नवरीचे पोलके न आखताच बेतले आणि ते आखूड झाले. लग्न दुसऱ्या दिवशी होते. भैय्याजी काही बोलला नाही. नवरीची आई बोलली, दुकानासमोर उभी राहून, आणि बाजारचा दिवस होता. तेव्हापासून गुणवंता कपडा असा एकदम कापत नाही. गळा, मुंढा, बाह्या, सगळे आधी खडूने आखतो. मग उठतो, चहा पितो, परत येऊन टेप लावून पाहतो. सगळे जुळले की मगच कैची हातात घेतो आणि एका बैठकीत सगळे कापून टाकतो.

केतकी त्याची एकुलती एक मुलगी, उशिरा झालेली. शाळा सुटली की ती दुकानातल्या कटिंगच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. तिचाही अभ्यास बापासारखाच. आधी सगळे पेन्सिलीने, मग एकदा पाहणे, मग वरून पेन. तिच्या वह्यांत खाडाखोड सापडायची नाही. शाळेतले सर ती वही वर्गात सगळ्यांना दाखवायचे.

ती पाचवीत गेली तेव्हा त्याच सरांनी गुणवंताला सांगितले की हिला नवोदयच्या परीक्षेला बसवा. निवड झाली तर सहावीपासून बारावीपर्यंत शिकणे, राहणे, जेवण सगळे तिथेच, सरकारी खर्चाने. पण सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते. त्या दिवशी जमले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत नाही.

हे 'एकदाच' गुणवंताच्या मनात घुसून बसले. राखी झाल्यावर तो मुलीला घेऊन माझ्याकडे आला.

"बाई, पोट्टी आणली. बेतून द्या."

"कशी बेतू?"

"नवोदयच्या मापाची. कपडा चांगला हाय, पण एकच हाय. सांभाळून."

कपडा खरेच चांगला होता. केतकी प्रश्न हिंदीत वाचायची आणि हिशेब मराठीत करायची, ओठ न हलवता. आकृत्यांचे प्रश्न तर तिच्यासाठीच काढल्यासारखे. कागदाची अशी अशी घडी घातली, त्याला भोक पाडले, तर उलगडल्यावर भोके कुठे दिसतील? चांगली चांगली मुले इथे अडखळतात. ही पाहायची आणि बोट ठेवायची. जन्मापासून कापडाच्या घड्या उलगडतानाच पाहिलेल्या.

काळजी करायचे काम तिचा बाप करत होता. रोज संध्याकाळी तिला न्यायला यायचा आणि दारातच विचारायचा, "आज किती चुकले?" कोणाच्या तरी तोंडून ऐकून कधी बदाम आणायचा, कधी ब्राह्मीचे तेल. शनिवारचा उपास धरला. पूनम, त्याची बायको, दुकानात हूक-बटणाचे काम करते. ती एकदा म्हणाली, "बाई, यायले बी दोन गणितं देत जा. निस्ते फेऱ्या मारून राहिले, मशीन बंद."

डिसेंबरात, गावातून संत्र्यांच्या गाड्या भरून जात होत्या त्या दिवसांत, मी तिची पहिली पुरी परीक्षा घेतली. खऱ्या परीक्षेत उत्तरे एका वेगळ्या कागदावर द्यायची असतात. प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल, त्यातला बरोबर गोल बॉलपेनने काळा करायचा. पेन्सिल चालत नाही, आणि एकदा भरलेला गोल खोडता येत नाही. तसाच कागद मी सौंसरहून छापून आणला होता. माझ्या ओसरीवर तिला बसवले, घड्याळ समोर ठेवले.

वेळ संपली तेव्हा तिने शांतपणे कागद माझ्या हातात दिला. मी पाहिले. निम्म्याहून जास्त गोल कोरे होते. जवळ धरून पाहिल्यावर दिसले की त्या प्रत्येक कोऱ्या गोलाच्या शेजारी पेन्सिलीचे बारीक टिंब आहे.

"हे काय ग?"

"बाई, आधी साऱ्याले टिंबं देऊन ठेवले. मंग एकदा पाह्यलं. मंग भरून राहिली होती, तं तुमी थांब म्हटलं."

टिंबे जवळजवळ सगळी बरोबर होती. भरलेल्या गोलांवर मात्र ती नापास झाली असती.

मला वाटले, सांगितले की सुटेल. दुसऱ्या वेळी तिची पेन्सिल मी काढून घेतली आणि म्हटले, उत्तर निघाले की लगेच भरायचे. ती उत्तर काढायची, पेन गोलावर न्यायची आणि तसेच धरून ठेवायची. मग प्रश्न पुन्हा वाचायची. त्या दिवशी पेपर आणखी मागे राहिला. तिसऱ्या वेळी मी घाई केली, तर तिने एक चुकीचा गोल भरला. चूक लक्षात आल्यावर तिने दोन्ही हातांनी कागद झाकला आणि पुढचा एकही प्रश्न सोडवला नाही. रडतही नव्हती. नुसती बसून होती, आणि मला ते जास्त अवघड वाटले. परीक्षा जानेवारीत होती.

मी दुकानात गेले आणि गुणवंताला सगळे सांगितले. तो एक झंपर आखत होता. त्याने खडू टेबलावर ठेवला.

"म्हणजे हे माह्यापासून शिकली ते."

"चांगलंच शिकली. फक्त या परीक्षेत ते चालत नाही."

पूनमने मान वर न करता म्हटले, "मी म्हणून राहिली होती ना, बापाची पोरगी हाय. लग्नात बी ही नवरदेवाच्या गळ्यावर आधी टिंब देईन, मंग हार घालीन."

कोणी हसले नाही. गुणवंताने मुलीला टेबलाखालून बाहेर बोलावले.

"काऊन वो केतकी, बाई सांगून राहिल्या ते ऐकत नाही? उत्तर आलं की भरून टाकायचं. पाहत नाही बसायचं."

केतकी खाली पाहत म्हणाली, "तुमी तं नाही करत तसं."

हे ती उलटून बोलली नव्हती. तिला खरेच समजून घ्यायचे होते की जी गोष्ट बाप आयुष्यभर चुकीची म्हणत आला, ती आता बरोबर कशी झाली. गुणवंताने पुन्हा खडू उचलला, पण आखले काहीच नाही.

दोन दिवसांनी त्याने मला दुकानात बोलावले. माझ्या भाचीने दिलेला निळा कपडा त्याच्याकडे पडून होता, तो टेबलावर पसरलेला होता. केतकी टेबलाला टेकून उभी होती.

"बाई, आज तुमचं पोलकं बेततो. माप मले पाठ हाय."

खडूची डबी खिडकीत होती. त्याने कैची घेतली आणि सरळ कपड्याला लावली. पूनमचे हूक लावणे थांबले. पाठ कापली, पुढचे दोन भाग कापले. मुंढ्यापाशी त्याचा हात थांबला. केतकीने खिडकीतून डबी काढून त्याच्यापुढे धरली.

"बाबा, खडू."

"नाही लागत."

तो कापत गेला. मुंढे झाले, पहिली बाही झाली. दुसरी कापून पहिलीवर ठेवली तर ती दोन बोटे आखूड. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटले, आता हा कैची ठेवून देणार आणि आठवडाभर दुकान उघडणार नाही. तो बाहीकडे पाहत राहिला. कपाळाचा घाम पुसला.

"हे गेलं," तो म्हणाला. "आता पुढचं." आणि गळ्याची पट्टी कापायला घेतली.

केतकीने विचारले, "बाईचं पोलकं?"

"एक बाही आखूड होईन. बाकी सही हाय. बाई घालतीन."

"घालीन," मी म्हटले.

"बाईच्या जागी मी असती," पूनम म्हणाली, "तं नवा कपडा भरून घेतला असता."

यावर केतकी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

त्यामुळे सगळे एका दिवसात सुधारले असे मी म्हणणार नाही. नंतरच्या सरावात ती बरीच पुढे गेली, पण शेवटचे काही गोल कोरे राहतच होते. कधी दहा, कधी पाच. पेन मध्येच हवेत थांबायचे. सरावाच्या शेवटच्या दिवशीसुद्धा तीन राहिले.

परीक्षा शनिवारी होती, केंद्र सौंसरला. गुणवंता, पूनम आणि मी, तिघेही तिच्याबरोबर निघालो. शनिवारच्या बसला जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची गर्दी असतेच. छिंदवाड्याकडून बस भरूनच आली. केतकीला एका बाईच्या मांडीवर जागा मिळाली. गुणवंता दोन्ही हातांनी वरचे दांडे धरून तिच्यासमोर असा उभा राहिला की गर्दीचा धक्का तिला लागू नये. नारळाची पिशवी घेतलेला एक म्हातारा म्हणाला, "दर्शन घेऊन मंग जा की शाळेत. पास होईन पोरगी." गुणवंताची चलबिचल मला दिसली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी मानेनेच नको म्हटले. मग त्याने तिथेच, दांडे धरल्या धरल्या, डोळे मिटून घेतले.

केंद्राच्या फाटकापाशी त्याने मुलीला सांगितले, "जल्दी करजो. पण पाहून करजो. घाबरू नको. पण थांबू नको."

"एक काही तं सांगा," पूनम म्हणाली.

त्याला एक काही ठरवता येईना. केतकी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहून आत गेली.

बाहेर कडुलिंबाखाली पालक बसले होते. कोणी पांढुर्ण्याच्या शिकवणीबद्दल सांगत होता, कोणी आपल्या मुलाने किती पेपर सोडवले ते. गुणवंता बसेना. फाटकापर्यंत जायचा, परत यायचा. कोणी चहा दिला तर हातात धरून ठेवला आणि थंड झाल्यावर ओतून टाकला.

"पोरगी पेपर देऊन राहिली का तुमी?" पूनमने विचारले.

"मी असतो तं बरं होतं. माह्यं जे व्हायचं ते होऊन गेलं."

बसमध्येच मी त्याला बजावले होते, की बाहेर आल्या आल्या पेपरबद्दल विचारायचे नाही. मुलांचे लोंढे बाहेर पडले तसा तो गर्दीत घुसला आणि तिला हाताला धरून घेऊन आला. त्याचे ओठ घट्ट मिटलेले.

"भूक लागली का?" एवढेच तो म्हणाला.

आम्ही तिला आलुबोंडा घेऊन दिला. तिने तो पुरा खाल्ला, हात पुसले आणि मग आपणच म्हणाली, "बाबा, एक गोल चुकला. भरल्यावर समजलं."

"मंग?"

"मंग पुढचा केला."

"आखरीचे?"

"सारे भरले. टाइम कमी होता तं चार-पाच अंदाजानं भरले."

ज्या माणसाने त्या नवरीच्या पोलक्यानंतर, माझे निळे पोलके सोडून, कधी अंदाजाने कपडा कापला नव्हता, तो मुलीकडे बघत राहिला.

"अंदाजानं," तो म्हणाला.

"हो."

"बरं केलं."

निकाल उन्हाळा लागता लागता आला. माझ्या मोबाइलवर मी तिचा नंबर टाकला, निवड झाली असे वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि चालत दुकानात गेले. पूनमने ऐकताच केतकीला जवळ ओढून तिचा चेहरा आपल्या पदरात धरला. गुणवंता मशीनवर होता. तो उठला नाही.

"बाई, पक्कं ना?"

"दोनदा पाहिलं."

त्याने सुईखालचा कपडा काढून बाजूला ठेवला आणि विचारले, "तिथं जेवली का म्हणून कोणी विचारतीन का इले?"

मी बरीच वर्षे शाळेत काढली आहेत. बापांना धीर देणारी वाक्ये मला येतात. पण हा माणूस वर्षभर प्रत्येक गोष्ट मापून घेत आला होता.

"विचारतील," मी म्हटले. "घंटा झाली की सगळ्या मुलींना मिळून विचारतील. एकटीला नाही."

त्याने मान डोलावली. आईच्या पदरातून केतकी म्हणाली, "मी सोता जेवत जाईन बाबा."

गुणवंताने पायडल मारायला सुरुवात केली. सुई खालीवर होत राहिली, आणि तिच्याखाली कपडा ठेवायचा राहून गेला आहे हे त्याच्या बऱ्याच वेळाने लक्षात आले.