किल्लेदारांचा पासवर्ड

किल्लेदार हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली कोणी ऐकली नव्हती. ऑफिसात कोण कोण काम करतं, कोणाला कुठलं फोल्डर उघडतं, कोणाला कुठला प्रिंटर, हे सगळं एका जुन्या सर्व्हरच्या पोटात होतं. त्याला म्हणायचे डिरेक्टरी. आणि त्या डिरेक्टरीची मोठी किल्ली, म्हणजे मास्टर पासवर्ड, फक्त यांच्याकडे. सकाळी तुम्ही खुर्चीत टेकलात आणि पासवर्ड टाकला की तुमचं मशीन आधी त्या सर्व्हरला विचारणार, बाबा रे, हा आपल्यातलाच ना? तो हो म्हणाला तर तुमचा दिवस सुरू. नाही म्हणाला तर तुम्ही किल्लेदारांच्या टेबलापुढे, मान खाली घालून.

तिथला टोमणा ठरलेला असायचा. "बायकोचं नाव तरी आठवतंय का, की तेही मीच सांगू?" असं म्हणायचे आणि दोन मिनिटांत काम करून द्यायचे. अकाउंट्सचे हेड असोत नाहीतर गेटवरचा वॉचमन, टोमणा सगळ्यांना सारखाच. खडूस माणूस, पण भेदभाव नाही.

त्यांच्या हाताखाली एकच बाई होती. तिचं नाव त्यांनी खारूताई ठेवलं होतं, कारण ती कामाला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी वायर ओढायला शिडीवरून सरसर छतापर्यंत चढली होती. आता तिला एक मुलगी होती, गुडघे दुखायला लागले होते, तरी खारूताई ती खारूताईच. सगळं काम त्यांनीच शिकवलं तिला. रागावून, कधीकधी रडवून, पण हातचं न राखता. फक्त ती एक किल्ली सोडून.

मग नवे साहेब आले आणि म्हणाले, हा सर्व्हर म्हातारा झालाय, कधीही मान टाकेल, महिनाअखेरपर्यंत सगळा कारभार नव्यावर न्या. बरोबरच होतं त्यांचं. नवा सर्व्हर खोक्यातून निघाला, खारूताईने तो जोडला, सगळी तयारी केली. आता जुन्याने नव्याला चार्ज द्यायचा, एवढंच बाकी. आणि त्यासाठी मास्टर पासवर्ड लागणार.

"देतो की," किल्लेदार म्हणाले, "पळून चाललोय का मी?"

आधी म्हणाले सोमवारी. मग म्हणाले अकाउंट्सचं क्लोजिंग होऊ दे. मग म्हणाले, तुमच्या या नव्या नवरदेवाला आधी नीट उभं तर राहू दे, मग संसार सोपवू. पहिल्यांदा सगळे हसले. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही. पॅन्ट्रीत कुजबुज सुरू झाली की म्हातारा दोन महिन्यांत रिटायर होतोय ना, म्हणून जाता जाता साहेबांचे पाय ओढतोय. साहेबांनी खारूताईला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की सोमवारपर्यंत पासवर्ड मिळाला नाही तर मी मालकांना सरळ लिहिणार, हा माणूस मुद्दाम अडवणूक करतोय. आणि रिटायर झाल्यावर वर्षभर सल्लागार म्हणून ठेवायचं ठरलंय, तेही विसरा म्हणावं.

खारूताईचं डोकंच फिरलं. साहेबांवर नाही, किल्लेदारांवर. इतकी वर्षं त्यांच्यासाठी सगळ्यांशी भांडली ती, आणि हे स्वतःच्या हाताने स्वतःच्या नावाला काळं फासतायत. कशासाठी? एका पासवर्डसाठी? शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ती तणतणत सर्व्हर रूमकडे गेली. रूम म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली, एसीखाली बादली ठेवलेली, त्यात टप टप पाणी. आज काय ते खडसावून विचारायचंच, म्हणून तिने दार ढकललं.

किल्लेदार स्टुलावर बसले होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात जुन्या कीबोर्डवर. त्यांनी पटपट काहीतरी टाइप केलं, एंटर मारलं, डोळे उघडले. स्क्रीनवर आलं, पासवर्ड चुकीचा आहे. परत डोळे मिटले. परत टाइप केलं. परत तेच. ती मागे उभी आहे हे त्यांना कळलंच नाही. त्यांनी हात झटकले, बोटं मोडली, परत सुरू. अरे देवा, असं झालं तिला. सगळा राग कुठल्या कुठे गेला.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला आठवत नाहीये?"

ते वळले नाहीत. म्हणाले, "आधी दार लाव."

मग सांगितलं त्यांनी, स्क्रीनकडेच बघत. तो पासवर्ड त्यांनी कधी कागदावर लिहिला नव्हता की तोंडाने उच्चारला नव्हता. तो हातात होता. डाव्या हाताने अक्षरं आणि उजव्या हाताने कीबोर्डच्या कडेला आकड्यांचा जो वेगळा चौकोन असतो त्याच्यावर आकडे, गाणं वाजवावं तसं. मग कंपनीने लॅपटॉप दिले, त्यांना तो चौकोनच नाही. मध्ये बरेच दिवस मास्टर पासवर्डची गरज पडली नाही. आणि एक दिवस बसले तर उजवा हात नुसताच हवेत. डोक्याला कधी विचारलंच नव्हतं, हाताला ठाऊक होतं, म्हणाले, आता हातही म्हणतो मला काय विचारता.

खारूताईला मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मध्ये सुट्टीच्या दिवशी ते ऑफिसला आले होते आणि काम होतं म्हणून आलो म्हणाले होते. तिला दोन-तीनदा भलत्याच नावाने हाक मारली होती, तेव्हा ती हसली होती. हसली होती ती.

ती म्हणाली, साहेबांना सांगू या ना, होतं असं कोणाचंही, कोणी काही बोलणार नाही.

"हट्टी म्हणू देत," किल्लेदार म्हणाले. "खडूस म्हणू देत, आडमुठा म्हणू देत. ते मी जन्मभर ऐकलंय, मला पचतं. पण हा विसरतो असं एकदा म्हणाले ना, की मी आजवर जे जे केलं त्याच्याकडे लोक वळून वळून बघतील. हे तरी नीट केलं असेल का यांनी, म्हणून. ते नको मला. शब्द दे."

तिने वळून दार नीट लागलंय का ते बघितलं.

"घरी पण नाही सांगायचं. तुझ्या काकूला अजिबात नाही. दे शब्द."

तिने दिला. न देऊन सांगते कोणाला.

आता उपाय एकच होता, स्वतःच्याच घरात मागच्या दाराने शिरायचं. सर्व्हर बंद करायचा, दुरुस्तीच्या डिस्कवरून चालू करायचा आणि आतून नवा मास्टर पासवर्ड लावायचा. ऐकायला सोपं आहे. पण ते मशीन कित्येक वर्षांत एकदाही बंद झालं नव्हतं, आणि अशी जुनी मशीनं एकदा थंड झाली की पुन्हा उठतीलच असं नसतं. माहितीची कॉपी होती बाजूला, तरी नाहीच उठलं तर एकेक माणूस, एकेक फोल्डर हाताने पुन्हा उभं करायचं, तोवर सगळी कंपनी हात चोळत बसणार. आणि मशीन बंद कोणी केलं? खारूताईने. कोणाला विचारून? कोणालाच नाही.

रविवारी दुपारी ती निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या सर्व्हरला घरदार नाही वाटतं." मुलगी तोंड फुगवून बसली होती. ती दोघींचीही नजर चुकवून बाहेर पडली.

सर्व्हर रूममध्ये किल्लेदार आधीच येऊन बसले होते. आणि मग जे झालं ना, ते बघून तिला जास्त रडू आलं. कारण त्यांना सगळं येत होतं. आधी कुठला प्रोग्रॅम थांबवायचा, कुठली वायर काढायची, डिस्क घातल्यावर कुठलं बटण दाबून धरायचं, एका पाठोपाठ एक, कुठे अडखळणं नाही. स्वतःच्याच किल्ल्याला भोक कुठे पाडायचं ते किल्लेदार स्वतः सांगत होते आणि ती पाडत होती.

तिने सर्व्हर बंद केला. पंखा घरघरत घरघरत थांबला. त्या खोलीत एवढी शांतता तिने कधी ऐकलीच नव्हती, नुसती बादलीत टप टप. डिस्कचा ट्रे अडकला तर किल्लेदारांनी वरून तळहाताने एक थाप मारली, तो निघाला. मग तिने बटण दाबलं.

काहीच नाही.

परत दाबलं. काहीच नाही. उद्या सकाळचं सगळं ऑफिस तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, साहेब सगळ्यांच्या पुढे. किल्लेदार म्हणाले, घाई करू नकोस, त्याला दम खाऊ दे, वायर काढून ठेव जराशी. काढली. परत लावली. बटण दाबलं. आधी एक दिवा लागला, मग पंखा खोकला, अक्षरशः खोकला, आणि फिरायला लागला.

नवा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा किल्लेदारांनी पाठ फिरवली. दुसरं कोणी पासवर्ड टाकत असताना बघायचं नसतं, हे त्यांनीच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ती म्हणाली, काका, बघा ना तुम्ही. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, नको, आता ती तुझी.

बाकीचं मग सरळ झालं. जुन्या सर्व्हरने विचारलं, नक्की कारभार सोपवायचा? तिने हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत सगळी नावं, सगळी कुलपं नव्यावर.

सोमवारी कोणाला काही कळलंसुद्धा नाही. लोक आले, पासवर्ड टाकले, मशीनं उघडली, चहा झाला. काम चांगलं झालं याची खूण हीच असते, की कोणाला काही कळत नाही. साहेब बाहेर आले आणि सगळ्यांसमोर तिला विचारलं, "काय मग, वळला का म्हातारा?"

खारूताईने किल्लेदारांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते, खाली बघून, खूप वेळ एकच काच.

"हो," ती म्हणाली. "दिला त्यांनी."

"वाकवल्याशिवाय वाकत नाहीत काही लोक," साहेब म्हणाले आणि दोघं-तिघं हसले. पण मालकांना मेल आधीच गेली होती, साहेबांना धीर कुठला निघतोय. दुपारी निरोप आला की सल्लागाराचं काही जमणार नाही, शिल्लक रजा आजपासूनच घ्या. किल्लेदारांनी पिशवी उचलली आणि टेबलांच्या मधून चालत गेले. ज्यांची ज्यांची कुलपं त्यांनी जन्मभर उघडली ते सगळे स्क्रीनकडे बघत होते. एकही जण उठला नाही. खारूताईला वाटलं टेबलावर चढून ओरडावं की अरे, तुम्हाला काय माहितीये. पण शब्द दिला होता ना. शब्द गिळून ती बसून राहिली.

त्यांचा स्वेटर आणि डबा खणातच राहिला होता. दोन दिवसांनी संध्याकाळी ती ते घेऊन त्यांच्या घरी गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बेल वाजवल्यावर दार किल्लेदारांनीच उघडलं, ये म्हणाले आणि पुढे जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. चेहऱ्यावर तेज नुसतं.

"तुझ्या त्या साहेबाला सांग," काकू म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी केलं ते बरोबर केलं. ज्याला कामाची कदर नाही त्याच्या हातात किल्ली द्यायचीच कशाला? तत्त्वाला जागला माझा माणूस."

तर घरी हे असं सांगितलं होतं. किल्लेदारांनी काकूंच्या पाठीमागून खारूताईकडे बघून मान हलवली, बघ, जमलं की नाही, अशी. तिला हसूच आलं. तिला वाटलं, जाऊ दे, तत्त्वाचा माणूस म्हणून घरी तरी ताठ बसलेत, काय वाईट आहे.

चहा घेताना वाऱ्याने बाहेरचं दार धाडकन आपटलं. किल्लेदार म्हणाले, "अगं, दार पुन्हा उघडंच टाकलंस तू."

"हो का? बाई गं," काकू लगबगीने उठल्या, "काय माझं डोकं झालंय हल्ली."

खारूताईचा कप हातातच राहिला. दार त्यांनी उघडलं होतं. त्यांनीच. काकू तर तिकडे आतमध्ये होत्या. तिने किल्लेदारांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, मुद्दाम बोलले का? पण चेहरा स्वच्छ होता. खरंच त्यांना तसंच वाटत होतं की काय, तिला काही कळेना, आणि ते जास्त भयंकर होतं.

काकू दूध आणायला म्हणून तिच्याबरोबर खाली निघाल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर खारूताई थांबली. शब्द मोडायचा असेल तर आत्ताच, खाली पोचल्यावर हिंमत होणार नाही, हे तिला कळत होतं. तिने सांगून टाकलं. पासवर्ड अडवला नव्हता काकू, आठवत नव्हता. आणि रविवारचं सगळं.

काकूंनी आधी ऐकून घेतलं आणि मग अशा भडकल्या की बस. "तूही त्यांच्यातलीच निघालीस. माणूस घरी बसला की त्याच्या नावावर काहीही खपवायचं, होय? या घरात कोण विसरतं ते मला विचार. मी विसरते. शेगडी मी चालू ठेवते, नळ मी उघडा टाकते, बँकेचं कार्ड मी हरवलं. हेच सांगतात मला रोज, सांभाळून घेतात बिचारे."

"काकू, मघाशी दार मी आले तेव्हा काकांनी उघडलं होतं."

काकू काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. कठडा धरून पायरीवर बसल्या. हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळायला लागल्या.

"नातवाला माझ्याकडे एकटं ठेवू नका म्हणून सांगितलंय मी मुलीला," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं. मला माझाच भरवसा वाटेना. आता तो येतच नाही इकडे." मग वर मान करून त्यांनी खारूताईकडे बघितलं, लहान मुलीसारखं. "म्हणजे विसरणारी ती मी नव्हते?"

खारूताई त्यांच्या शेजारी बसली.

वरून किल्लेदारांचा आवाज आला, "अगं, कोणाशी बोलतेयस जिन्यात?"

"आले," काकू म्हणाल्या. पण उठल्या नाहीत.