बिनडोळ्यांचे समुद्रपक्षी

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी एक महामूर्खपणा केला. ह्यांनी रंगवलेल्या समुद्रपक्ष्यांना डोळेच नव्हते, नुसते करडे-पांढरे त्रिकोण. मला वाटलं, विसरले बिचारे. मग हे बाहेर गेल्यावर अख्खी दुपार बसून मी एकेका पक्ष्याला काजळाने डोळे काढले. केवढी ती माझी कलेची जाण.

ह्यांनी मित्राला दिलेलं ते चित्र आता लिलावात निघालंय. आज बघायला ठेवलंय म्हणून एकटीच आले. माणसं भिंगं लावून न्याहाळताहेत. एवढ्या नजरा ह्यांच्या वाट्याला आल्या, पण हे गेल्यावर.

त्या संध्याकाळी, डोळे मुद्दामच काढले नव्हते हे कळल्यावर, मी रडकुंडीला आले होते. हे वाकून एकेक डोळा बघत गेले, मग म्हणाले, “राहू दे गं. माझ्या चित्रापाशी इतका वेळ आजवर कुणी बसलं नव्हतं.”