वकीलसाहेबांची चार वाक्यं

अकोल्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या शेषराव अर्जनवीसाचं अक्षर इतकं सुरेख होतं, की मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणे अर्ज वाचायच्या आधी दोन मिनिटं तो नुसता बघत बसायचे. पुढं त्याच अक्षरानं त्याचा घात केला. म्हणजे अक्षर बिचारं काय करणार, घात माणसानंच केला. पण ते सांगतोच.

शेषरावाला दुसरा नाद नाटकाचा. रंगमंचावर मात्र तो कधी गेला नाही. गावातल्या नाटक मंडळीचा प्रॉम्प्टर होता तो. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर प्रत धरायची आणि नट अडला की हळूच वाक्य द्यायचं. वीस वर्षांत पहिल्या रांगेतल्या माणसालाही त्याचा आवाज ऐकू गेला नव्हता, आणि याचा त्याला कोण अभिमान! मंडळीचे मालक, लेखक आणि नायक तिन्ही एकच, वामनराव वकील. दिसायला देखणे, आवाज खणखणीत, पण नक्कल, म्हणजे आपल्या वाट्याची वाक्यं, पाठ करण्याच्या नावानं शंख. स्वतः लिहिलेलं नाटकसुद्धा त्यांना पाठ नसे. वाक्य बोलून झालं की ते डोळे मिटून क्षणभर थांबायचे. लोक म्हणायचे, काय विचारी नट आहे बुवा. अहो, विचार कसला डोंबलाचा! शेषरावाकडून पुढचं वाक्य यायची वाट पाहायचे ते.

सन एक्केचाळीसची गोष्ट. लढाई जोरात होती, बाजाराच्या दिवशी गावोगाव भरतीचे ढोल वाजत होते. युद्धफंडासाठी एक खेळ करा असं वरून आलं, आणि वामनराव लगेच हो म्हणाले. नाटक होतं एका मांडलिक राजाचं. सम्राटाच्या लढाईसाठी तो आपल्या प्रजेची पोरं धाडायला निघतो आणि त्याचा सेनापती आडवा येतो. पोलिसांनी प्रत तपासली, पानापानावर शिक्का मारला आणि परवानगी दिली. राजेरजवाड्यांचं जुनंपुराणं आहे, त्यात काय असणार, असं त्यांना वाटलं असावं.

खेळाच्या दिवशी सकाळी वामनरावांनी शेषरावाला घरी बोलावून चार नवी वाक्यं सांगितली. दुसऱ्या अंकात सेनापतीच्या तोंडी घालायची म्हणाले. सेनापती ते स्वतःच. पाठ करणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं, म्हणून शेषरावानं ती चिठ्ठीवर उतरवून घेतली आणि प्रतीत खोचली. लिहिताना त्याच्या अंगावर काटा आला. त्याच्या मामाचा पोरगा महिन्यापूर्वीच पलटणीत गेला होता, आणि मामी तेव्हापासून धड जेवत नव्हती. वकीलसाहेबांच्या छातीचं त्याला फार कौतुक वाटलं.

पहिल्या रांगेत सोफ्यावर कलेक्टरसाहेब बसले होते. दुसऱ्या अंकात शेषरावानं वाक्य दिलं आणि वामनरावांनी ते कडाडून फेकलं, "महाराज, दुसऱ्याच्या शेताला कुंपण घालायला आपल्या घरची पोरं तोडायची नसतात!" पुढची तीन त्याहून जहाल होती. चार आण्यांच्या जागेतले लोक उभे राहिले. साहेबाच्या कानाशी कोणीतरी भाषांतर सांगितलं, तसा साहेब उठून चालता झाला, आणि पडदा पडायच्या आत पोलीस विंगेत. प्रतीतून चिठ्ठी निघाली. अक्षर कोणाचं हे विचारायची गरजच पडली नाही, कचेरीतला शिपाईसुद्धा ते ओळखत होता.

त्याला नेताना वामनराव कानाशी लागले. "तोंड उघडू नका, शेषराव. मी वकील आहे. सगळं माझ्यावर सोडा." त्यानं सोडलं. कोठडीत तो निवांत झोपला, म्हणजे बघा.

तारखेला वामनराव काळा कोट घालून आले. त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून शेषराव बाकावर थोडा सरकलासुद्धा. वामनराव त्याच्यासमोरून सरळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "ही वाक्यं माझी नाहीत. मंजूर प्रतीत पाहा, तिथं नाहीत. प्रॉम्प्टरनं ती आयत्या वेळी दिली. मी नट, कानावर आलं ते बोलून गेलो." वीस वर्षं ज्या माणसाला शेषरावानं शब्द पुरवले, त्याच्यासमोर त्याला स्वतःसाठी एक शब्द सुचला नाही. सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

मनकर्णा, त्याची बायको, रुई निवडायला कापसाच्या कारखान्यात, जिनात जाऊ लागली. महिन्यातून एकदा बडनेऱ्याला गाडी बदलून ती अमरावतीच्या तुरुंगात भेटीला यायची, आणि दर वेळी खरं काय ते सांगून टाका म्हणून त्याच्यापाशी रडायची. पण सांगणार कोणाला? सुटून आला तोवर अर्जनवीसाचा परवाना गेला होता. मग तो दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. त्याचंही त्याला एवढं वाटलं नाही. गावात लोक म्हणायचे, या शेषरावानं देवमाणूस वकिलाला गोत्यात आणलं होतं, थोडक्यात वाचले बिचारे. हे ऐकलं की त्याचं काळीज जळायचं.

मग स्वराज्य आलं, आणि गंमत बघा, जी वाक्यं कोर्टात शेषरावाची ठरली होती ती पुन्हा वामनरावांची झाली! अठ्ठेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला दुपारी नाटकाचा खास खेळ ठरला. 'ज्या वाक्यांनी कलेक्टर उठून गेला,' असं हँडबिलावर छापलं. अडचण एकच होती. नाटकाची प्रत आणि ती चिठ्ठी, दोन्ही कोर्टाच्या कागदांत कुठं गेल्या कोणाला ठाऊक नव्हतं, आणि वाक्यं खुद्द लेखकाला आठवत नव्हती.

वामनराव शेषरावाच्या घरी आले, सतरंजीवर बसले, चहा प्याले. तुम्हालाच येतात ती, म्हणाले. शेषरावाला का येणार नाहीत? सहा महिने दगड फोडताना दुसरं काय होतं त्याच्याजवळ! त्यानं एवढंच मागितलं, की ती वाक्यं कोणी लिहिली आणि तुरुंगात कोण गेलं, हे एकदा लोकांसमोर सांगा. वामनरावांनी त्याचा हात हातात घेतला. दुसऱ्या अंकानंतर माझं भाषण आहे, तुम्हाला रंगमंचावर बोलावून सांगतो, म्हणाले.

ते गेल्यावर मनकर्णा म्हणाली, "पुन्हा त्याच्यावर भरवसा ठेवता? कावून?"

"माह्यं नाव साफ होते," शेषराव म्हणाला.

सगळं नाटक त्यानं आठवून आठवून पुन्हा उतरवलं, चार वाक्यांसकट. खेळाच्या दिवशी शेजाऱ्याचा कोट मागून घातला, कारण लोकांसमोर जायचं होतं. मनकर्णा बायकांच्या बाजूला पुढं जाऊन बसली. दुसऱ्या अंकात त्यानं वाक्य दिलं, तसंच हळू, आणि वामनराव तसेच कडाडले. टाळ्या थांबता थांबेनात. पडदा पडला, वामनराव पडद्यापुढं गेले. विंगेत शेषराव उठून उभा राहिला आणि त्यानं कोटाची बटणं लावली.

वामनराव मनसोक्त बोलले. साहेब कसा लालबुंद झाला, पोलीस कसे आले, सगळं सांगितलं. मग त्यांचा आवाज भरून आला. "त्या दिवशी माझ्याबरोबर कोणी नव्हतं. मी एकटा होतो."

एवढं म्हणून ते घाम पुसत विंगेत आले. शेषराव तसाच उभा होता, बटणं लावलेला. वामनराव त्याच्याकडं न बघता म्हणाले, चला, तिसरा अंक, पहिलं वाक्य काय आहे?

शेषरावानं प्रत बंद करून काखेत घेतली. "तुमी एकलेच होते ना, वकीलसाहेब? मंग आताबी एकलेच जा."

तो मागच्या दारानं बाहेर पडला आणि थिएटराला वळसा घालून चार आण्यांच्या जागेत, खांबाशी जाऊन उभा राहिला. विंगेतल्या त्या वीस वर्षांत नाटक त्यानं समोरून कधी पाहिलंच नव्हतं. पडदा उघडला. सेनापतीच्या पोशाखात वामनराव मधोमध उभे होते. त्यांनी डोळे मिटले आणि थांबले. काय अभिनय आहे, असं शेजारचा म्हातारा पुटपुटला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपल्या. वामनरावांनी डोळे उघडून विंगेकडं पाहिलं. तिथं नुसतं स्टूल होतं.