एकशे एकोणसत्तर चणे

आईला झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. बिडकीनला ती एकटी राहायची, म्हणून मी तिला शहरात माझ्या फ्लॅटवर आणलं. पाय महिनाभरात सुधारले, हात मात्र रुसून बसला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काबुली चणे चिमटीनं एकेक उचलायला सांगितले. आईला तो पोरखेळ वाटला. दोन दिवस तिनं वाडग्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर टेबलावर चणे मांडलेले. ठिपक्यांची रांगोळी, पंधरा ते आठ. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत आठावर थांबायचं. बिडकीनला दारात ती रोज हीच काढायची. माझ्या दारासमोर चपलांचं स्टँड आहे.

तीन ओळींतच हात थकला होता. "ही पुरी झाली की मी घरी जाणार," ती म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. मनात म्हटलं, होतेय कशाची.

मी गणित शिकवते, गप्प बसवेना. पुऱ्या रांगोळीचे ठिपके मोजले तर एकशे एकोणसत्तर, म्हणजे तेराचा वर्ग. तेच चणे तेरा-तेराच्या तेरा ओळींत चौकोनी बसतात, एकही उरत नाही. षटकोनातही आणि चौकोनातही बसणारी संख्या एक सोडला तर ही पहिलीच. पुढची थेट बत्तीस हजार सातशे एकसष्ट. शिवाय उलटी वाचली की नऊशे एकसष्ट, तो एकतीसचा वर्ग, आणि एकतीस म्हणजे उलटे तेरा. मी हे सगळं आईला एका दमात सांगितलं.

"लई गुणाचा हाय म्हण की तुझा आकडा," ती म्हणाली आणि चणे उचलत राहिली.

मग ठरलं: ती मांडणार, मी चौकोन करून तपासणार. सुरुवातीला रोज शंभरेक चणे कमी पडायचे, नंतर पंचवीस-तीस. पुढे दहा, मग चार.

एका रविवारी तिनं मला हाक मारली. रांगोळी पूर्ण होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण तिला बिडकीनला जाऊ द्यावंसं वाटेना. तिथं पडली बिडली तर कोण बघणार, हे तर होतंच. खरं सांगायचं तर शाळेतून आल्यावर दार कुणीतरी उघडतं, याची मला सवय झाली होती. चौकोन करताना एक चणा मी मुठीत लपवला. मुलांची कॉपी पकडणारी मी.

"शेवटच्या ओळीत बाराच आहेत, आई. एक कमी."

 चौकोन मोडून तिनं पुन्हा रांगोळी मांडायला घेतली, उजव्याच हातानं. अर्धा तास लागला. कडा सगळ्या भरल्या, फक्त मधोमध एक जागा रिकामी ठेवली.

"मधला ठिपका मी आधी ठेवत असते. त्यो कसा इसरंल?" तिनं माझ्या मुठीकडे बघितलं. "उघड."

मी मूठ उघडली. मला रडू आलं, लाजही वाटली. आईनं उजव्या हाताच्या दोन बोटांनी माझ्या तळहातावरचा चणा अलगद उचलला आणि मधोमध ठेवला. हात जरासुद्धा थरथरला नाही.

"आता पिशवी भर," ती म्हणाली.