पर्यायांवर तळहात

प्रश्न समोर आला की अक्का आधी खालच्या पाचही पर्यायांवर तळहात ठेवायच्या. "आधी आपलं उत्तर. मग त्यांची बघू."

एचएसआर लेआउटमधल्या आमच्या कंपनीत त्या माझ्या सीनियर. घर राजाजीनगरला. घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नडमधले 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं, मिठासारखे पडत. चाळिशी उलटल्यावर त्यांना परदेशी जाऊन सार्वजनिक धोरण शिकायचं होतं. त्यासाठी प्रवेश परीक्षा: इंग्रजी व्याकरण आणि तर्क. मीही तीच परीक्षा देणार होते. मग जेवणाच्या सुट्टीत, पँट्रीतल्या कोपऱ्यात, डबे बाजूला सारून आमचा सराव चाले.

मी पत्रकांच्या घरात वाढलेली. आईबाबा संघटनेतले; बडबडगीतांच्या आधी मला घोषणा पाठ. त्यामुळे पर्यायांतलं सगळ्यात जळजळीत वाक्य मला हमखास बरोबर वाटे. 'सर्व', 'कधीच नाही', 'केवळ यामुळेच'. अक्का हसायच्या.

"अगं, हा म्हणतोय 'काही लोक'. तू लगेच मोर्चा काढलास की!"

त्यांची चूक निराळी. परिच्छेदात आहे तेवढंच धरून उत्तर द्यायचं, बाहेरचं ज्ञान आणायचं नाही, हा परीक्षेचा नियम. एकदा कुठल्याशा परक्या शहरात नव्या विहिरी खणूनही जुन्यांचं पाणी घटलं नाही, असा परिच्छेद आला आणि अक्का ठामपणे चुकल्या.

"असं होतच नाही. आमच्या गल्लीत एकानं बोअर मारली, तर शेजारच्याची आटली."

"अक्का, तुमची गल्ली परिच्छेदात नाहीये."

"सरी. पण असायला हवी होती गं."

चांगली नोकरी सोडून या वयात विद्यार्थिनी का व्हायचं, हे कुतूहल मला गप्प बसू देईना. शेवटी विचारलंच. "टँकरची वाट बघत गेटवर उभी होते," त्या म्हणाल्या. "मनात आलं, कुठल्या रस्त्याला पाणी आधी, हे ठरवतं कोण? स्वल्प आत जाऊन बघावं."

परीक्षा त्यांनी छान दिली. मार्क उत्तम आले. आता उरलं होतं फक्त सध्याच्या वरिष्ठांचं शिफारसपत्र, आणि ते द्यायचं आमच्या बॉसनं कबूल केलं होतं.

त्याच सुमारास एक बैठक झाली. बॉसनं पडद्यावर आलेख दाखवला: या महिन्यात पँट्रीबद्दलच्या तक्रारी वाढल्या, याच महिन्यापासून सफाई करणाऱ्या बायका पँट्रीत जेवायला लागल्या, सबब उद्यापासून त्यांनी खाली पार्किंगमध्ये जेवावं. बायकांना अर्थातच बैठकीला बोलावलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला, तोही उद्गारचिन्हासकट. तेवढ्यात अक्कांचा हात वर गेला.

"सर, या महिन्यात अजून काय बदललं?"

काय बदललं होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नवी टीम आली होती आणि त्याच पँट्रीत दुप्पट माणसं जेवत होती. कुणीतरी फिसकन हसलं. बॉस हसला नाही. पार्किंगचा विषय तिथेच संपला.

शिफारसपत्राचाही. आज वेळ नाही, उद्या बघू, सोमवारी नक्की.

"तो सूड घेतोय!" मी म्हणाले. "मी पत्रक लिहितेच आता."

"सूडच कशावरून? खरंच कामात असेल," अक्का म्हणाल्या आणि थेट विचारायला त्याच्या केबिनमध्ये गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा शांत होता. "तुझं बरोबर होतं गं. पुढच्या बैठकीत माझा प्रश्न चुकीचा होता म्हणून सांगायचं, मग पत्र."

पुढची बैठक आली, गेली. अक्का काही बोलल्या नाहीत. अर्जाची मुदत संपली. मग त्यांनी राजीनामा दिला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जाताना समारंभ होऊ न देणारी. अक्का शेवटच्या दिवशी भर दुपारी निघाल्या. मी खाली सोडायला गेले, तर गेटपाशी सफाईवाली सरोजम्मा झाडू बाजूला ठेवून उभी. तिनं कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, ती परीक्षा पास झालात का?"

"झाले."

"मग कॉलेजात घेतलं?"

"नाही."

"पास झालात तरी? का?"

रिक्षावाला मीटर टाकून बसला होता. उत्तर अक्कांकडे होतं. माझ्याकडेही होतं, अगदी जिभेच्या टोकावर. अक्कांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"दुसरीकडे अर्ज करीन," त्या सरोजम्माला म्हणाल्या. "तू जेवलीस?"

"आत्ताच. वर पंख्याखाली, निवांत."

"सरी," म्हणून अक्का रिक्षात बसल्या.